पोरीच्या डोक्यावर हात ठेवून

मंजुळा सकपाळ या बाईला भुताखेतांची भीती कधी वाटलीच नाही. पोलादपुराहून आंबेनळीच्या घाटाकडे रस्ता चढू लागला की त्याच्या खालच्या-वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, त्या ती वर्षानुवर्षं एकटी पायी फिरली. कुठल्या उंबरावर कोण बसतं, कुठल्या ओढ्यात बाळंतीण गेली, हे लोक तिला मोठ्या हौसेनं सांगायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "त्या ओढ्याचं पाणी पिता का? मग उकळून पीत जा." भूत बिचारं तिथंच खजील होत असेल.

आणि तरी या बाईला पछाडलं होतं. मेलेल्या माणसानं नव्हे, चांगल्या जित्याजागत्या पोरीनं. भेकरवाडीच्या आनंदीला ताप आला, आनंदीच्या पायावर काळानिळा डाग उठला, असं कुणी सहज बोललं तरी मंजुळाबाईच्या हातातलं काम गळायचं. मग पिशवी उचलून ती तो डोंगर चढायची, पोरीच्या पापण्या उलट्या करून बघायची, हिरड्या दाबायची, नडगीवरून बोट फिरवायची. ताप साधा निघायचा, डाग करवंदाच्या जाळीत पडल्याचा निघायचा. लोक म्हणत, नर्सबाईंचा त्या पोरीवर भारी जीव. जीव होताच. पण नुसता जीव असलेलं माणूस असं पांढरंफटक पडत नाही.

मंजुळा मूळची दासगावची. वडील काशीराम सकपाळ हे महाडच्या सत्याग्रहात तळ्याच्या पाण्याला ओंजळ लावलेल्यांपैकी एक, आणि ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर कुणाला विसरू दिली नाही. घरात नवस नाही, अंगारा नाही, शपथ तर नाहीच नाही. "खरं बोलणाऱ्याला शपथ लागत नाही आणि खोटं बोलणाऱ्याला ती पुरत नाही," असं ते म्हणायचे. लेक नर्सिंग शिकून आली, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून दारात उभी राहिली, तेव्हा म्हातारा रडला म्हणतात. तो कबूल करत नसे.

तिची नेमणूक झाली घाटाखालच्या उपकेंद्रात. तिच्या वाटणीला आलेल्या वाड्यांत भेकरवाडी सगळ्यात उंचावरची. दहा-बारा घरं, नाचणी-वरीची शेती, आणि प्रत्येक घरातला कर्ता माणूस मुंबईत. तिथल्या रंगूबाईच्या घरी मंजुळा पहिल्यांदा गेली तेव्हा म्हातारीनं चहा केला, नाही असं नाही. पण वळचणीत खोचलेला कानतुटका कप काढला, धुतला, त्यात वरून चहा ओतला आणि दुरून पुढं सरकवला. मंजुळानं कपाकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, मी चहा सोडलाय." त्या वाडीपुरता तिनं तो खरोखरच सोडला. डोंगर चढून घसा सुकलेला असायचा, तरी ती चहा घेत नसे. हट्टाला बापाच्या वरताण.

तो कप घालवला तुळसानं. तुळसा म्हणजे रंगूबाईची सून, भिकूची बायको. भिकू मुंबईला गिरणीत. पहिलटकरीण होती, बाळ आडवं आलेलं, पावसानं वाट तुटलेली. मंजुळानं जिवाचं रान करून बाई आणि बाळ दोन्ही वाचवलं. ते बाळ म्हणजे आनंदी. बारशाला मंजुळा गेली तर तुळसा स्वतः उठली, घरातल्या चांगल्या कपबशीत चहा घेऊन आली आणि सासूच्या डोळ्यांदेखत तिच्या हातात दिली. मग वळचणीतला कप काढून दरीकडं भिरकावून दिला. "आत्याबाई, हिच्या हातानं माजी पोर जगात आली. हात चालतो, मग तोंड कसं चालत नाय?" त्या दिवसापासून वाडीत नर्सबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लस टोचा म्हटलं की टोचायची, विहिरीत पावडर टाका म्हटलं की टाकायची. सुख वाटावं अशीच गोष्ट होती, आणि मंजुळाला ते वाटलंही.

आनंदी चार वर्षांची होत आली आणि तुळसा दुखण्याला लागली. आधी नुसता थकवा. नाचणीचा भारा उचलता उचलेना. मंजुळानं डोळे बघितले, अंगात रक्त नाही म्हणून लाल गोळ्या दिल्या. मग ताप येऊ लागला, तेव्हा हिवताप समजून बोट टोचून रक्त काचेवर घेतलं, खाली पाठवलं. हिवताप नाही असं आलं. हिवतापाचं बघायला सांगितलेल्यानं हिवतापाचंच बघितलं, त्याचं काय चुकलं? पुढं तुळसाच्या अंगावर न लागता न पडता काळेनिळे डाग उठायला लागले, आणि चूळ भरली की पाणी लाल यायचं. तेव्हा मात्र मंजुळा थांबली नाही. तिनं भिकूला सांगावा धाडला. तो आला आणि बायकोला मुंबईला घेऊन गेला.

शिमग्याला दोघं परत आली. तुळसाच्या डोक्यावर केस नव्हते. पदर घट्ट गुंडाळून ती ओटीवर टेकली आणि मंजुळाकडं बघून ओशाळं हसली. भिकूनं नर्सबाईंना अंगणाच्या कडेला नेऊन हळू आवाजात सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर बोलले. सुया दिल्या, थोडे दिवस बरं पडलं, पुन्हा उलटलं. आता घरी न्या बोलले."

"आणि काळजी काय घ्यायची? काही सांगितलं का?"

"सांगितलं ना. सेपरेट ठेवा. भांडी उकळून वेगळी. पोरंबाळं जवळ नको, खोकलेवाला मानूस जवळ नको. नायतर इन्फेक्शनचा लफडा होतो, बोलले."

एवढंच. आणि इथंच ती चुकली. चूकही अशी की शिकलेल्या नर्सलाच व्हावी. अडाणी माणसाला ती जमली नसती. वेगळी भांडी, उकळलेलं पाणी, मुलं लांब, हे सगळं मंजुळाला पाठ होतं. क्षयाच्या रोग्यासाठी तिच्याकडून हेच घोकून घेतलं होतं आणि हेच ती वाड्यावाड्यांतून सांगत आली होती. तेव्हा हा आजारही तुळसाकडून घरच्यांना लागेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका वाटली नाही. रक्ताचा रोग, त्यात हिरड्यांतून रक्त येतं, ते उष्ट्यात जातं, उष्ट्यातून पोटात जातं. हिशेब सरळ होता.

तरी तिनं खाली आरोग्य केंद्रात विचारलं. कंपाउंडर म्हणाला, "रक्ताचा म्हटल्यावर रक्तातूनच जाणार." वरिष्ठ बाईंनी कानाला हात लावले, "असल्याच्या वाऱ्याला उभं राहू नये गं." डॉक्टर घाईत होते. "अशा केसेस आपल्याकडे येतात कुठं? काळजी घेतलेली बरी," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. त्या आजाराचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, भीतीही ठाऊक होती. त्यापलीकडं कुणाला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंजुळानं रंगूबाईला समोर बसवून नीट समजावलं. तुळसाचं अंथरूण मागच्या पडवीत. तिची पितळी, तिचा पेला वेगळा. तिचं उष्टं कुणी खायचं नाही. आणि आनंदीला तिच्याजवळ अजिबात जाऊ द्यायचं नाही. पेल्याचं बोलताना तिची जीभ जरा अडखळली. पण शास्त्र म्हणजे शास्त्र, असं स्वतःला बजावून तिनं वाक्य पुरं केलं. तुळसा ऐकत होती. ती म्हणाली, "बराबर हाय. पोरीला जपाया होवं." आणि आपली गोधडी आपणच उचलून पडवीत गेली. सणाची रजा संपली तसा भिकू गिरणीत परतला.

रंगूबाई नातीला डोळ्यांत तेल घालून जपणारी. आनंदी पडवीकडं पळाली की म्हातारी ओरडायची, मनगटाला धरून ओढून आणायची, "त्या बाईला शिवायचं नाय" म्हणून दटावायची. पोरगी पहिल्यांदा रडली. मग दाराच्या फटीतून बघत बसायला लागली. मग बघणंही तिनं सोडलं. मोठी माणसं भ्याली तरी मधूनमधून विसरतात, पण लहान मूल एकदा घाबरलं की पुरतं घाबरतं. मंजुळा आठवड्याला जायची, तुळसाची नाडी बघायची आणि घरातली शिस्त बघून रंगूबाईला शाबासकी द्यायची. ही शाबासकी तिला पुढं फार महाग पडली.

चैत्र सरता सरता महाडला सगळ्या नर्सबायांची बैठक झाली. मुंबईहून एक पाहुणी डॉक्टरीणबाई आली होती. तिचं भाषण लसींवर होतं. ते संपल्यावर मंजुळानं उभं राहून विचारलं की रक्ताच्या कॅन्सरच्या बाईला वेगळं ठेवलंय, पण तिचे कपडे धुणाराला काही होईल का.

डॉक्टरीणबाईला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि तिचा चेहरा बदलला. "अहो, तो लागत नाही. कुणालाच लागत नाही. त्या औषधांनी रोग्याच्या अंगातली ताकद जाते. आपला साधा खोकला, मुलांची सर्दी त्याला मारू शकते. वेगळं ठेवायचं ते तिला आपल्यापासून जपायला. आणि घरी पाठवलंय म्हणजे शेवटच आला ना? मग कसलं वेगळं? बसू द्या माणसं तिच्याजवळ. मूलबाळ आहे का तिला?"

मंजुळा खाली बसली. तिच्या शेजारच्या वरिष्ठ बाई "घ्या, आम्ही सगळीकडं उलटंच सांगत होतो की" म्हणून हसल्या आणि डबा उघडू लागल्या. मंजुळाला हसणं ऐकू आलं, पण कशाला हसतात ते उमगेना. ती जेवायला थांबली नाही. मिळेल त्या ट्रकनं पोलादपूर, आणि तिथून भर उन्हात डोंगर.

"आजी, मी चुकले," तिनं दारातूनच सांगितलं. "तुळसाचा आजार कुणाला लागत नाही. भांडी वेगळी सांगितली होती ती तिला आपलं काही लागू नये म्हणून. मी उलटं समजले. आनंदीला तिच्याजवळ जाऊ द्या."

रंगूबाई जात्यावर बसली होती. तिनं खुंटा सोडला नाही. "तवा लागत व्हता आन आता लागत नाय? रोग काय तुमाला इचारून बदलतो?"

"रोग तोच आहे. मला माहीत नव्हतं."

"तुमाला म्हाईत नाय असं व्हईल कसं? तुमी नर्सबाय."

पडवीतून तुळसाचा आवाज आला, पार खोल गेलेला. "आत्याबाई, पोरीला नका आनू. बाय माज्या दयेपाटी बोलतात."

आता याला काय म्हणावं? खोटं सांगितलं ते वाडीनं डोक्यावर घेतलं आणि खरं सांगायला आली तर तिच्या मायाळूपणाचं कौतुक होऊ लागलं. मंजुळा तरातरा पडवीत गेली. तुळसाच्या पितळीत सकाळची पेज उरली होती. तिनं ती सगळ्यांदेखत तोंडाला लावली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तुळसा "नको, नको" म्हणत उठायला बघत होती, पण तिला उठवेना. रंगूबाई दारात येऊन उभी होती. तिनं बराच वेळ मंजुळाच्या तोंडाकडं बघितलं आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुमाला काय हो! तुमी आधी सुई टोचून घेतली आसंल. तुमच्याकडं सगळ्याच सुया असतात. हीच सुई माज्या नातीला टोचा, मग देते मी तिला आईजवळ."

"आजी, अशी सुई नसते. असायचं कारणच नाही."

"मग नात बी नाय," म्हातारी म्हणाली आणि जात्यापाशी परत गेली.

उतरताना मंजुळा वाटेत कितीदा तरी थांबली. खरं सांगून जमलं नव्हतं, आणि तुळसाकडं दिवस थोडे होते हे तिची नाडी धरलेल्या बोटांना कळत होतं. शाळेच्या वयाच्या मुलांना द्यायची धनुर्वाताची सुई आनंदीला लवकरच द्यायची होती. ती खरी होती, औषध खरं होतं. फक्त तिला दुसरं नाव द्यायचं होतं. ज्या बाईनं आयुष्यभर अंगारे-धुपारे झिडकारले, तिनं तेच करायचं, एवढाच काय तो प्रश्न. दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन वर गेली.

"मिळाली सुई," तिनं सांगितलं.

रंगूबाईच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघवत नव्हता. म्हातारीलाही सून कुजवायची नव्हती. नात वाचवायची होती, इतकंच. सुई टोचली, आनंदी रडली, आणि म्हातारीनं तिला कडेवर घेऊन थेट पडवीत नेलं. तुळसानं दोन्ही हात पुढं केले. हातांच्या काड्या झालेल्या, डोकं उघडं. पोरीनं त्या हातांकडं बघितलं आणि जी किंकाळी फोडली ती खालच्या वाडीपर्यंत गेली असेल. "नको शिवू! नको शिवू मला!"

हे शब्द मंजुळानं लहानपणी दासगावच्या पाणवठ्यावर ऐकले होते. मोठ्या माणसांच्या तोंडून. चार वर्षांच्या पोरीच्या तोंडून, आईला उद्देशून, ते तिनं त्या दिवशी ऐकले, आणि ते शिकवले होते तिनं स्वतः.

तुळसानं हात गोधडीत घेतले. रागावली नाही, रडलीही नाही. "ऱ्हाऊ दे. शाणी हाय पोर, शिकवल्यालं ध्यानात ठेवते. झोपली म्हंजे आना."

दुपारी आनंदी रडून रडून झोपली. मंजुळानं तिला उचलून आणलं आणि आईच्या कुशीशी ठेवलं. तुळसा कुशीवर वळली. पोरीच्या तोंडाशी तोंड नेऊन तिनं वास घेतला. हात मात्र वरच्या वर तरंगत राहिला, खाली टेकेना.

"लाव गो हात. काही होत नाही."

"बाय, सुई खरंच दिलीत ना? रोगाचीच? पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

मंजुळाला वडील आठवले. क्षणभर वाटलं, सांगावं सगळं. अशी सुई नसते, लागतच नाही, माझ्यावर विश्वास ठेव. पण तो तरंगता हात लवकरच गळून पडला असता. तिनं आनंदीच्या केसांवर तळवा टेकला.

"दिली. रोगाचीच दिली. या पोरीची शपथ."

मग तुळसाचा हात खाली आला. डोक्यावर, मग मानेवर, मग पाठीवर. बाहेर कोंबड्या उकरत होत्या. थोड्या वेळानं पोरीचा श्वास अडखळल्यासारखा झाला आणि मंजुळाच म्हणाली, "पुरे आता. उठेल ती." तुळसानं मुकाट्यानं हात काढला. पोर उठून किंचाळेल म्हणून आपण पुरे म्हटलं, की इतकं कळूनही आपल्या मनात जुनी भीती उरली होती म्हणून, हे मंजुळाला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात तुळसा गेली.

पुढची गोष्ट म्हणजे त्या शपथेची. देव नाही, शाप नाही, शपथ म्हणजे नुसती तोंडची वाफ, हे मंजुळाला ठाऊक होतं. दिवसा चांगलं ठाऊक असायचं. पण आनंदी आजारी पडली की ते ठाऊक असलेलं कुठं जायचं कुणास ठाऊक. दुसऱ्या वाड्यांतून बायका रक्ताच्या रोगाची सुई मागायला यायच्या; तशी सुई नाही म्हटलं की भेकरवाडीच्या लोकांनाच ती मिळते, असं कुरकुरत जायच्या. आणि कधी कुठल्या घरात कावीळ झालेला माणूस गोठ्यात वेगळ्या थाळीवर जेवताना दिसे. मंजुळानं विचारलं तर घरचे अभिमानानं सांगायचे, "नर्सबायनीच सांगितल्यालं हाय, मागं तुळसाच्या टायमाला." ती दर वेळी खोडून काढायची. एका घरातून खोडलेलं दुसऱ्या घरात उगवलेलं असायचं.

गिरणीच्या संपात भिकूची नोकरी गेली, मग तो मुंबईतच कुठं वॉचमन लागला. रंगूबाई वारल्यावर तो आनंदीला न्यायला आला. पोर तोवर बारा वर्षांची झाली होती. पोलादपूरच्या स्टँडवर मंजुळाबाई निरोप द्यायला गेल्या. भिकू तिकिटाच्या खिडकीशी होता. बाकावर बसल्या बसल्या बाईंनी सवयीनं पोरीची पापणी उलटून बघितली, बाही वर केली.

"काय बगताव हो सारखं?" आनंदी हसली.

"काही नाही." मग त्यांना राहवलं नाही. आता पोर जाणार होती. "आनंदी, तुझ्या आईनं तुला जवळ घेतलं होतं. शेवटी शेवटी. तू झोपली होतीस, तुला ठाऊक नाही. पण घेतलं होतं, मी होते तिथं."

आनंदीनं बाही खाली ओढली.

"मी जागी व्हते," ती म्हणाली.

मंजुळाबाईंनी तिच्याकडं वळून बघितलं.

"हात लय तापल्याला व्हता. मला भ्या वाटत व्हतं, म्हनून मी डोळं मिटून ऱ्हायले. मग तुमी पुरे म्हनलाव, आन तिनं हात काढला." पोरीनं पायाशी ठेवलेलं बोचकं मांडीवर घेतलं. "तवा जास्त भ्या वाटलं."